माईंनी अंगावर घेतलेली चूक

"माई, तुला माहीत होतं?" फोनमधून आलेला लेकीचा आवाज इतका थंड होता, की माईंनी हातातलं भांडं नकळत ओट्यावर ठेवून दिलं. "पोलिसांनी माझं खातं गोठवलंय. बँकेतल्या साहेबांनी कागद दाखवला. तक्रार कुणाची आहे, ठाऊक आहे? अण्णांची! माझ्या सख्ख्या बापाने मला चोर ठरवलंय, माई!"

माईंनी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसून अण्णा वाचत होते, नेहमीसारखे, पुस्तक डोळ्यांच्या अगदी जवळ धरून… त्या वाकलेल्या मानेकडे पाहताना माईंना स्वतःचाच राग आला. कारण हे असं होणार याची भीती त्यांना ज्या क्षणी वाटली होती, त्या क्षणी त्या अण्णांच्या शेजारीच बसलेल्या होत्या, आणि गप्प राहिल्या होत्या.

"पैसे आत येतात, माई, बाहेर काही निघत नाही," लेक सांगत होती. "गिऱ्हाईक काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरच्या चौकटीवर फोन धरतं, पैसे भरतं, पाव घेऊन जातं, आणि ते पैसे आत जाऊन अडकतात. शेवटी काल मी तो कागद नखांनी खरवडून काढला. पिठाच्या व्यापाऱ्याने आज गाडी दारावरून परत नेली. कामगारांचे पगार राहिलेत. मालक म्हणतो, भाडं नसेल तर गाळा सोडा. खातं लवकर उघडलं नाही, तर बेकरी गेली म्हणून समज!"

लेकीने बेकरीवाल्याशी लग्न केलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. शाळा अर्ध्यावर सोडलेला, हातांवर भाजल्याच्या खुणा असलेला तो मुलगा अण्णांना पसंत नव्हता. "भट्टीवाला" एवढाच त्याचा उल्लेख या घरात होई, आणि अण्णांनी लेकीच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. माई मात्र अधूनमधून चोरून फोन करीत. भट्टीची आतली विटांची भिंत कोसळली तेव्हा लेक फोनवर नुसती रडली, तिने काही मागितलं नाही… पण माईंनी दोघांच्या नावावरच्या खात्यातून तिला पैसे पाठवले. अण्णांना फोनचा तिटकारा होता. विजेचं बिल, दूधवाल्याचे पैसे, सगळं माईच त्यावर भरत. पैसे पाठवल्याचं अण्णांना कळायचं कारण नव्हतं.

आणि मग गेल्या महिन्यात ते भयंकर घडलं होतं. माई गुडघ्यासाठी दवाखान्यात गेल्या होत्या. परत आल्या तर अण्णा खुर्चीत बसलेले, फोन मांडीवर, चेहरा पांढराफटक. कुणा अनोळखी माणसाने गोड बोलून, बँकेकडून फोनवर आलेला गुप्त आकडा विचारून घेतला होता, आणि जन्माची पुंजी खात्यातून निघून गेली होती! शेजारीपाजारी दारात जमले. अण्णा म्हणजे छापखान्यात मुद्रितशोधनात आयुष्य घालवलेला माणूस. अर्ज लिहायचा असो की कोर्टाचा कागद समजून घ्यायचा असो, सगळी आळी त्यांच्याकडे येई, आणि मागे त्यांना कौतुकाने "कोश" म्हणे. त्या सगळ्यांसमोर अण्णांचे ओठ थरथरत होते, शब्द फुटत नव्हता… माईंना ते पाहवलं नाही. बायकोला लोक चार दिवस हसतील आणि विसरतील, पण यांना हसले तर हा माणूस पुन्हा मान वर करायचा नाही, असं त्यांना वाटलं.

"माझंच चुकलं," त्या म्हणून गेल्या. "आकडा मी सांगितला."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं… आणि मान खाली घातली.

"माई, आता त्या फोनला कुलूप लावा आणि किल्ली अण्णांकडे द्या!" समोरची काकू म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. माईही हसल्या होत्या.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहितानाही तेच लिहिलं गेलं. हवालदाराने खात्याचा उतारा पुढे सरकवून विचारलं, "यातल्या कुठल्या नोंदी तुमच्या नाहीत, त्यावर खूण करा." अण्णांनी खिशातली लाल पेन्सिल काढली आणि जन्मभराच्या सवयीने ओळीमागून ओळ तपासत, ओळखीची नाही अशी प्रत्येक नोंद ते खोडत गेले. लेकीला पाठवलेल्या पैशांची ओळ आली. तिथे नाव नव्हतं, नुसता एक लांबलचक क्रमांक होता. पेन्सिल त्यावरही फिरली. माईंनी तोंड उघडलं… पण नवऱ्याला न सांगता पैसे पाठवले, हे परक्या माणसांसमोर कसं सांगायचं? घरी गेल्यावर सांगू, म्हणून त्या थांबल्या. घरी आल्यावरही धीर झाला नाही.

आज मात्र फोन ठेवून त्या थेट बाहेरच्या खोलीत गेल्या.

"अहो, तुम्ही खोडलेली एक नोंद माझी होती. मी पोरीला पैसे पाठवले होते. पोलिसांनी तिचं खातं बंद केलंय."

अण्णांनी पुस्तक मिटलं. "मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं, तर हो म्हणाला असता?"

अण्णांनी पुस्तक फळीवर ठेवलं. मग म्हणाले, "चपला घाल. चुकीची खूण आहे, दुरुस्त करून येऊ. त्यात काय एवढं?"

पण ते तेवढं सोपं नव्हतं! ठाण्यात लेक आणि जावई आधीच येऊन बाकावर बसले होते. लेकीने बापाकडे पाहिलंही नाही. जावई तेवढा उठून उभा राहिला. फौजदार बाई तरुण होत्या, टेबलावर कागदांचा ढीग, बोलणं तुटक. त्यांनी अण्णांचं म्हणणं ऐकून घेतलं, जुनी तक्रार काढून वाचली, आणि त्यांची नजर माईंवर येऊन थांबली.

"आजी, चोराला आकडा सांगितलात तुम्ही. असंच लिहिलंय इथे. मुलीला पैसे पाठवलेत तेही तुम्हीच, नवऱ्यापासून लपवून. बरोबर?"

"हो…"

"मग बाकीचे पैसे कुठे गेले ते तुम्हाला ठाऊकच नाही, हे मी कशावरून मानू? फोन करणारा माणूस तुमच्या लेकीचा, जावयाचा कुणी नव्हता कशावरून?"

माईंना रडू फुटलं. "अहो, काय बोलता बाई! माझी पोर पहाटेपासून कणीक मळते हो…"

"रडून उपयोग नाही, आजी. मी कागदावर जे आहे ते बघते. या दोघांचे जबाब घ्यावे लागतील, जुने व्यवहार तपासावे लागतील. तोवर खातं उघडायचं पत्र मी बँकेला देणार नाही."

"किती दिवस लागतील, मॅडम?" जावयाने विचारलं.

"सांगता येत नाही."

"तोवर माझे चार कामगार काय खातील? आमचाच शिळा पाव?" तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते बोलणं सहन झालं नाही, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

लेक ताडकन उठली. "माई, तू असं कसं केलंस गं? इतकी साधी गोष्ट तुला कळली नाही? कुणालाही आकडा सांगू नकोस म्हणून मी तुला शंभर वेळा बजावलं होतं!"

माईंनी पदर तोंडाशी धरला. आता नुसता एक शब्द बोलला की झालं, हे त्यांना कळत होतं. पण तो शब्द त्यांच्या नवऱ्याला उघडा पाडणारा होता! एकीकडे पोटची पोर, दुसरीकडे जन्माचा सोबती… ज्या त्यागाचं त्यांना मनातून थोडं समाधान वाटत होतं, तोच आज लेकीच्या गळ्याभोवती फास होऊन बसला होता. त्यांनी अण्णांकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं तर ते मागितल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं.

"मॅडम," अण्णांचा आवाज आला. इतका हळू, की फौजदार बाईंना "काय?" म्हणावं लागलं.

"तो जबाब खोटा आहे. मी लिहिलेला. आकडा हिने नाही सांगितला… मी सांगितला."

"अहो, नको…"

"बोलू दे गं मला! तो माणूस म्हणाला, तुमच्या निवृत्तिवेतनाच्या कागदात जन्मतारीख चुकली आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, मॅडम. चूक आहे म्हटलं की मला राहवत नाही. मी तारीख दुरुस्त करून सांगितली, तो म्हणेल ते आकडे वाचून दाखवले… अगदी स्पष्ट उच्चारात वाचून दाखवले! ही तेव्हा दवाखान्यात होती. तिथल्या केसपेपरवर वेळ आहे, फोनवर फोन आल्याची वेळ आहे, बघा तुम्ही. लोकांसमोर हिने ते स्वतःवर घेतलं आणि मी… मी घेऊ दिलं. बरं वाटलं मला."

त्यांचा चष्मा घसरून टेबलावर पडला. कुणी उचलला नाही. मग जावई पुढे आला, त्याने तो आपल्या सदऱ्याला पुसला आणि अण्णांच्या हातात दिला.

फौजदार बाईंनी कोरा कागद ओढला. "खोटा जबाब दिलात म्हणून तुमच्यावर काय करता येतं, ते माहीत आहे ना?"

"काय असेल ते लिहा. पण पोरीचं खातं सोडा."

माईंचाही जबाब नव्याने घेतला. "चोराला आकडा तुम्ही सांगितला होता?" एवढाच प्रश्न होता. आणि ज्या बाईने संसारात दूध उतू गेलं तरी, पाहुणे रुसले तरी "माझंच चुकलं" म्हटलं होतं, तिला "नाही" हा शब्द उच्चारायला केवढे कष्ट पडले! दोनदा तो घशातच अडला. तिसऱ्यांदा तो बाहेर पडला आणि त्या ढसढसा रडू लागल्या.

बाहेरच्या आवारात लेकीने त्यांना दोन्ही हातांनी धरलं. "मी तुला काय काय बोलले, माई… पण तू तरी का गं? तू वाईट झालीस, आणि त्यात माझं घर बुडायची वेळ आली. यापुढे कुणासाठी खोटी वाईट होऊ नकोस. माझ्यासाठीसुद्धा नको."

खातं उघडलं, पण दवाखान्यातून खात्री, वरच्या साहेबांची सही, बँकेच्या मुख्य कार्यालयाचा होकार, असं करत करत इतक्या उशिरा, की भट्टी विझून गार पडली होती आणि गाळ्याच्या मालकाने दुसरं गिऱ्हाईक ठरवलं होतं. निघालेल्या पैशांतून लेकीने आधी कामगारांचे पगार भागवले, मग पिठाचं बिल. उरलं ते काही नव्हतं. जावयाला शहराच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्याच्या बेकरीत काम मिळालं. अण्णांचे गेलेले पैसे तपासातच होते, आणि त्यांच्यावर पुढे काय होणार तेही अजून कुणी सांगितलं नव्हतं.

गाळा रिकामा करायच्या दिवशी माई सकाळीच मदतीला गेल्या, आणि मागोमाग अण्णाही न बोलावता आले. बाहेर एक क्षणभर थांबले. लेकीने पत्र्याचे ट्रे रचता रचता वर पाहिलं आणि म्हणाली, "आलात तर या. हे कोपऱ्यातले जड आहेत, एकेकच घ्या." बस्स, एवढंच. पण अण्णा लगबगीने आत गेले आणि आपल्या बारीक हातांनी काळेकुट्ट झालेले ट्रे एकेक करून बाहेर आणू लागले. जावई त्यांना म्हणाला, "कपडे खराब होतील, अण्णा." ते म्हणाले, "होऊ देत, जावईबापू."

दारात माईंच्या घरासमोरची काकूही बघायला आली होती. तिने रिकाम्या फळ्यांकडे पाहिलं, जिभेने चुकचुक केलं आणि माईंकडे वळली. "बघा हो माई, तुमच्या एका चुकीपायी पोरीचं केवढं नुकसान झालं!"

अण्णांच्या हातात ट्रे होता. तो त्यांनी खाली ठेवला. रस्त्यावरची चार माणसं ऐकतील एवढ्या मोठ्याने ते म्हणाले, "हिची चूक नाही. आकडा मी सांगितला होता. मी!"

माईंच्या ओठांवर नेहमीचंच आलं… "अहो, असू द्या, माझंच…" लेक समोर उभी होती, त्यांच्याकडे एकटक पाहत.

माईंनी ओठ मिटले. आणि त्या काहीच बोलल्या नाहीत.