दुसरं टोक

स्टिकर चिकटवणं हे एकट्याचं काम नव्हे, हे वजीरला कुणी शिकवायला नको होतं. कुवेतला खेळांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. पण कोकणातल्या नाटे गावच्या त्या घरात आता दुसरं माणूसच नव्हतं, त्याला तो तरी काय करणार?

पडवीत पिनबॉलचं जुनं यंत्र उभं होतं. काचेखाली लोखंडी गोळी धावते, ती दोन पात्यांनी परतवायची, असा तो खेळ. मुंबईच्या भंगारातून आणला तेव्हा त्याची लाकडी पेटी पार वाळवीच्या घशात गेलेली. दर सुट्टीत वजीर आणि त्याची बायको हाजरा मिळून तिला माणसात आणत होती. भोकं बुजवली, घासली, रंग दिला. मग डाव्या बाजूला चार फुटांचं स्टिकर लागलं, शिडाच्या जहाजाचं. पेटीवर साबणाचं पाणी शिंपडायचं, स्टिकरमागचा कागद सोलायचा, एकाने दूरचं टोक चिमटीत धरून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पट्टीने बुडबुडे काढत काढत तिकडे जायचं. नियम एकच. वजीर ‘सोड’ म्हणेपर्यंत हाजराने टोक सोडायचं नाही. आधी सुटलं तर गोंदाला गोंद चिकटतो आणि मुसळ केरात.

“हात भरून आला माझा,” ती कुरकुरायची.

“मी सोड म्हटलं?”

“नाय.”

“मग धर.”

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी उजवी बाजू करायला घेतली, हाजराने टोक धरलं, कागद सोलायचा तेवढा बाकी होता. तेवढ्यात राजापूरला न्यायला रिक्षा आली, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. “धर, आलो,” म्हणून वजीर बॅग ठेवायला गेला आणि निरोपांच्या गडबडीत बसून निघूनही गेला. कुवेतहून फोन केला तेव्हा हाजरा हसत म्हणाली, “अजून धरून उभी हाय मी.”

चार महिन्यांनी ती तापाने गेली. वजीरला रजा मिळेपर्यंत कबरीवर गवत उगवलं होतं. शेजारी राहणारी त्याची थोरली भावजय आयात दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिच्याने राहवेना.

“वजीर, गुसल देताना, शेवटचं न्हाऊ घालताना तिची चिमूट उघडली नाय. आम्ही तिघी होतो... तशीच नेली.”

वजीरला त्यानंतर जेवण गेलं नाही. आपण तिला ‘सोड’ असं सांगितलंच नाही, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

डिसेंबरातली ती संध्याकाळ. भारनियमनाने वीज गेलेली, म्हणून कंदील लावलेला. वजीरने उजव्या बाजूच्या स्टिकरची गुंडाळी उलगडली. दूरच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लावून तो सुतळीने वाशाला टांगला, कागद सोलला आणि पट्टी फिरवायला लागला. फूटभर झालं असेल, तोच सुतळी सुटली. चिमटा खाली पडून खडखडला.

टोक पडलं नाही.

कंदिलाच्या उजेडापलीकडे ते हवेत तसंच ताणून राहिलं होतं. साबणाच्या वासात हळूहळू हाजराच्या हातांना यायचा तो मेंदीचा वास मिसळला. घरात वर्षभर मेंदी भिजवली नव्हती. पळून जावं असं पायांना वाटत होतं, हात मात्र पट्टी फिरवत पुढे चालले. एक फूट, दोन फूट... शेवटची वीत उरली तेव्हा टोक किंचित थरथरायला लागलं.

“हात भरून आला ना?” वजीर पुटपुटला.

थरथर वाढली. वीतभर तसंच ठेवलं असतं तर ती उभी राहिली असती. उद्या, परवा, जन्मभर. तिच्याजवळ असंच बसून राहावं असं त्याला फार फार वाटलं. पण तिने किती धरायचं?

“सोड... हाजरा, सोड आता.”

टोक अलगद खाली आलं. त्याने ते पुसून बसवलं. एकही बुडबुडा नव्हता. मग तो पेटीला टेकून लहान पोरासारखा रडला.

आयात चहा घेऊन आली तेव्हाही तो तिथेच बसला होता.

“दोन्ही हातांनी घे, कढत हाय.”

वजीरने डावा हात पुढे केला. उजवा उचलला, पण त्याचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. मध्ये काहीच नव्हतं. आयातने कप खाली ठेवला, बोटं सोडवून पाहिली आणि हात मागे घेतला. ही चिमूट तिने आधी एकदा पाहिली होती.

“गोंद लागला असंल,” ती कशीबशी म्हणाली.

“गोंद नाय, भाभी.” वजीर पेटीपलीकडच्या अंधाराकडे बघत होता. “तिनं सोड म्हटलेलं ऐकलंस?”

आयातने बराच वेळ कान दिला.

“नाय.”

“मग धरतो,” वजीर म्हणाला.