काय नाय दुखत

“हे बूट माणसासाठी केलेत की होडीसाठी, तेच कळत नाही...”

अगदी कानाशी कुणीतरी कुरकुरलं, तशी अक्षयाने मान वळवली. कोळंबीच्या कंपनीत आत शिरायच्या दारात औषधाच्या पाण्याचा उथळ हौद असतो. त्यात बूट बुडवल्याशिवाय कुणालाच आत सोडत नाहीत. त्या हौदात एक उंच, किडकिडीत मुलगा पांढऱ्या गमबुटांत बगळ्यासारखा उभा होता. पाय उचलला की पाय वर येत होता, बूट पाण्यातच राहत होता.

अक्षया हसली. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, गळ्यापासून घोट्यापर्यंत एप्रन... कुणाला काय दिसणार, म्हणून पोटभर हसली.

“हसलात ना?”

“मी? छे.”

“खांदा हलला तुमचा.” तो जरा थांबला. “पण डावाच. उजवा अगदी जपून ठेवलाय.”

तिचं हसू जागच्या जागी गोठलं. म्हणजे हाच तो. नवा डॉक्टर!

त्याचं नाव हर्षद. फिजिओथेरपिस्ट. कंपनीने त्याला मंगळवारी नि शुक्रवारी बोलावलं होतं, ते दवाखाना थाटायला नाही, तर कामाच्या जागीच उभं राहून बघायला. कोण कसं उभं राहतं, कोणाचं काय दुखतं, त्यावर इलाज काय, आणि पुढे दुखूच नये म्हणून काय करता येईल. कपडे बदलायच्या जुन्या खोलीत त्याला एक कॉट आणि एक पडदा दिला होता. त्या पडद्याआड अजून एकही बाई गेली नव्हती.

“फुकट मासा दिला कुणी, तर मी आधी त्याचे कल्ले उघडून बघते,” गोदाकाकी म्हणाली होती. गोदाकाकी मिरकरवाड्याची, कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या लाईनीवरची सगळ्यात जुनी. “कंपनी आपल्याला हातमोजे फाटले तर बदलून देत नाय, आणि खांदे चोळून देणार? काहीतरी काळंबेरं हाय गो.”

काळंबेरं काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागे लाईनीवरच्याच सानिकाने कंबर दुखते म्हणून भाबडेपणाने सांगून टाकलं. मॅनेजर निलेश सर फार गोड बोलले तिच्याशी. आराम कर म्हणाले. पुढल्या सीझनला सगळ्यांना बोलावणं आलं, सानिकाला आलं नाही. तेव्हापासून लाईनीवर एकच उत्तर पाठ होतं. हर्षदने कुणालाही विचारलं, “ताई, काही त्रास?” की सोलणारा हात न थांबवता उत्तर यायचं, “काय नाय दुखत.”

आणि दुखत तर सगळ्यांचंच होतं! बर्फातली कोळंबी दिवसभर सोलायची म्हणजे बोटं आपली राहत नाहीत. गोदाकाकीच्या अंगठ्याने तर केव्हाच राजीनामा दिला होता. पण तिचा ट्रे वजनाला कधी कमी भरला नाही. तिच्या शेजारून जाणारी प्रत्येक जण आपल्या ट्रेमधली मूठभर सोललेली कोळंबी तिच्या ट्रेमध्ये सोडून जायची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी त्यावर बोलतही नसे. देवळासमोरून जाताना हात जोडावेत, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

एका शुक्रवारी अक्षयाने मूठ सोडली आणि वर बघितलं, तर हर्षद समोर. त्याने मूठ पाहिली, ट्रे पाहिला, गोदाकाकीचा ताठरलेला अंगठा पाहिला. मग तो पाठ फिरवून बर्फाच्या मशीनकडे फार मन लावून बघत राहिला.

‘बघितलंन् मेल्याने,’ ती मनात म्हणाली. ‘आता जाऊन सांगेल.’

दुपारी डबा खाताना शेजारी सोलायला बसणाऱ्या पूर्वीने आणखी एक काडी टाकली. “आम्हाला सगळ्यांना तो ताई म्हणतो. काकीला मावशी. तुला काय म्हणतो गो?”

अक्षयाने आठवून बघितलं. “मला? काय नाय म्हणत.”

“तेच म्हणते मी,” पूर्वी म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिच्याकडे अशी बघत राहिली, की अक्षयाने डब्याचं झाकणच लावून टाकलं.

रविवारी ती भाट्याच्या किनाऱ्यावर गेली. गाव देवरूखच्या वरच्या अंगाला, त्यामुळे समुद्राचं तिला अजून अप्रूप होतं. केस मोकळे, पिवळा कुडता, तोंडावर काही नाही. सुरूच्या बनातून चालत होती, तर मागून आवाज आला.

“पिशवी आज पण डाव्या खांद्यावर?”

ती गर्रकन वळली. कागदात भेळ घेऊन हर्षद उभा. स्वतःच्या मापाच्या चपलांत तो जरा बरा दिसत होता... हे तिने मनातल्या मनात पुसून टाकलं.

“तुम्ही माझा चेहरासुद्धा पाहिलेला नाही. ओळखलंत कसं?”

“चेहरा आत्ताच पाहिला,” तो म्हणाला, आणि उगाचच भेळेत बघू लागला. “पाठ ओळखीची होती.”

“म्हणजे पाळत ठेवताय.”

“भेळ खातोय. घ्या.”

“नको. निलेश सरांनी पाठवलंय?”

“निलेश सर मला भेळेला पैसे देत नाहीत हो.”

तिला हसू आलं. मास्क नव्हता, लपवायची सोय नव्हती. तिने घाईघाईने समुद्राकडे तोंड केलं.

“गोदाकाकीचं सांगितलंत त्यांना?”

“काय गोदामावशींचं? मी तर बर्फाचं मशीन बघत होतो.”

वारा सुरूंतून सूं सूं करत गेला. मग तो हळूच म्हणाला, “ते टेबल तुमच्यासाठी उंच आहे. दिवसभर कोपर वर उचलून धरता तुम्ही, म्हणून खांदा धरतो. पायाखाली वीतभर उंच फळी हवी. कामात मध्ये मध्ये दोन मिनिटं थांबायला हवं, जागा बदलून द्यायला हव्या. मी सांगितलं निलेश सरांना. ते म्हणतात, तक्रार कुठाय? एक तरी बाई दुखतं म्हणाली का?” त्याने कागद चुरगळला. “येत्या शुक्रवारी माझा शेवटचा दिवस आहे. कोणाला काही होतच नाही, तर डॉक्टर कशाला, म्हणतात.”

शेवटचा? तिने वळून पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. लगेच दुसरं मन जागं झालं. गळाला लावलेलं आमिषही असंच चांगलं दिसतं. आपल्या तोंडून ‘दुखतं’ काढून घ्यायचं, की झालं. पुढल्या सीझनला अक्षया गावी, आणि धाकट्या भावाचं कॉलेज अर्ध्यावर.

“तुमच्यावर विश्वास कशावरून ठेवायचा?”

“कशावरूनच नाही,” तो म्हणाला. “मी पण नसता ठेवला.”

मग तो सुरूच्या एका खोडापाशी गेला. खोडाला हात टेकवून, बोटं मुंगीसारखी चालवत, हळूहळू वर वर नेऊन दाखवलं. “रोज एवढं केलंत तर... मी नसलो तरी.” एवढं बोलून तो निघून गेला. मागे वळला नाही. तो दिसेनासा झाल्यावर अक्षयाने इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याच खोडाला उजवा हात टेकवला. बोटं खांद्याच्या उंचीपर्यंत चढली, आणि मग अशी कळ आली की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. तरी तिने हात काढला नाही. खोडाला त्याच्या तळहाताची ऊब राहिलेली असावी, असं तिला उगाच वाटलं.

पाणी पुसून वळली, तर रस्त्यावर नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसलेली पूर्वी. बघत.

सोमवारी लाईनीवर बर्फापेक्षा बायका गार होत्या. अक्षया आली की बोलणं थांबायचं. शेवटी हात धुताना गोदाकाकीनेच तिला गाठलं.

“बाय, तू माझं काय सांगितलंस काय त्याला?”

“नाय गो काकी! शप्पथ. त्याने आधीच बघितलंन. पण बोलला नाय कुणाला.”

“कशावरून नाय बोलला?”

“तुला कुणी काय विचारायला आलं?”

गोदाकाकी विचारात पडली. “नाय बा,” ती म्हणाली. मग अंगठा दुसऱ्या मुठीत धरून, गरम पाण्याच्या नळाखाली बराच वेळ उभी राहिली.

शुक्रवार उजाडला. चहाच्या सुटीआधी निलेश सरांनी लाईन थांबवली. शेजारी हर्षद, तेच मोठे बूट, नजर फरशीवर.

“डॉक्टरांचा आज शेवटचा दिवस. नंतर म्हणू नका कंपनीने विचारलं नाही. कोणाला काही दुखतंय?”

सगळ्या बायका कोळंबीकडे बघत होत्या. कुठेतरी नळ ठिबकत होता. बोललं तर नाव कट. बोललं तर पूर्वी म्हणणार, त्याच्यासाठी नाटक करते. नाही बोललं तर... हा मुलगा दारातल्या हौदातून बूट ओढत बाहेर जाणार, आणि काकीच्या ट्रेमध्ये आपण आयुष्यभर मुठी सोडत राहणार.

अक्षयाने उजवा हात उचलला. खांद्यापाशी तो थांबला.

“याच्या वर जात नाही, सर. दुखतं. फार दुखतं.”

निलेश सरांच्या भुवया वर गेल्या. ते काही बोलणार, तेवढ्यात गोदाकाकीने हातमोजा काढला. “माझा अंगठा दुमडत नाय. अख्खी लाईन माझा ट्रे भरते. घ्या, काय करायचं ते करा.”

“माझी मान,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. “माझं मनगट,” पूर्वी म्हणाली, आणि अक्षयाकडे बघायचं टाळलं. मग मागून कंबर, टाच, पुन्हा खांदा. एवढ्यांना एकदम आराम द्यायचा तर कोळंबी निलेश सरांनाच सोलावी लागली असती. त्यांनाही ते कळलं असावं. त्यांनी सुरुवात करणारीला गाठलं.

“अक्षया, खरं सांग. खांदा दुखतोय, की डॉक्टरांना थांबवायचंय?”

हर्षदचे कान टोपीच्या कडेखाली लालबुंद झाले. “सर, तसं काही...” तो पुढे झाला.

अक्षयाने मास्क खाली ओढला. काय ते एकदा उघड्या तोंडाने बोललेलं बरं.

“दोन्ही,” ती म्हणाली.