पंचांनी ऐकलेला आवाज

सिरसाळ्याच्या बाजारात वीरेशचं भुसार मालाचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत आमचं घर. शहाण्णवच्या उन्हाळ्यात त्यानं, माझ्या नवऱ्यानं, माझा डावा हात पिरगाळून मोडला. त्याच दुपारी मी पदर सारखा केला आणि पोलीस ठाणं गाठलं.

जमादार सुग्रीवरावांनी आधी पाणी दिलं.

"घरातली गोष्ट हाय, ताई. बोलावून समज देऊ का त्यांना?"

"समज देऊन झाली. माझे अप्पा दोनदा येऊन गेले. तुम्ही फिर्याद लिहून घ्या."

त्यांनी लिहिली. मी वाचून घेतली, सही केली, नक्कल मागून घेतली. मग दवाखाना, तपासणी, प्लास्टर. गेवराईहून अप्पा न्यायला आले. बसमध्ये ते म्हणाले,

"आता परत जाता येणार न्हाई, रुद्राणी."

"जायचंच नाही, अप्पा."

त्यांनी माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

पंचनाम्याला मला बोलावलं. वीरेश जामिनावर सुटून भावाकडे राहत होता, त्यामुळे घराला कुलूप होतं. भर दुपार. पत्रे तापून कडकड वाजत होते, गल्लीतली वीज गेलेली. जमादार, दोन पंच, किल्ली घेऊन आलेला वीरेश आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या छबुबाई, असे आम्ही सगळे ओट्यापाशी उभे होतो.

"आमी काय ऐकलं न्हाई, साहेब," छबुबाई खाली बघत म्हणाल्या. "आमी आमच्या कामात."

तेवढ्यात आत तांब्या पडला.

वीरेशनं सगळ्यांकडे पाहिलं. आतून फरफटल्याचा आवाज आला. मग मारल्याचा. मग बाईचा आवाज.

"हात सोडा. लई दुखतंय ओ."

तो आवाज माझा होता.

मी छबुबाईंच्या शेजारी उभी होते. हात झोळीत. तोंड मिटलेलं.

वीरेशच्या हातून किल्ली पडली. जमादारांनीच कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. फरशीवर धुळीचा सलग थर, त्यावर पाऊल नाही. सगळे तांबे मांडणीवर पालथे. जमादारांनी टेपरेकॉर्डर शोधला, माळा पाहिला, मागचं दार पाहिलं. दाराला आतून कडी होती.

छबुबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या होत्या.

"लिहा, साहेब. मी रोज ऐकत होते."

खटला उभा राहिला. फिर्याद मागे घे म्हणून नणंदा येऊन रडल्या, दीर दम देऊन गेला, मठातल्या स्वामींकडूनही निरोप आला. मी सगळ्यांना चहा दिला आणि नाही म्हणाले. एकही तारीख चुकवली नाही. सकाळची एस.टी. धरायची, कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली बसायचं, पुढची तारीख घेऊन परतायचं. छबुबाई साक्षीदार म्हणून यायच्या आणि माझ्या शेजारी टेकायच्या.

"घर बंदच हाय," त्या एकदा हळूच म्हणाल्या. "पण काल तू लई रडत होतीस."

"मी गेवराईला होते, मावशी."

"ठाव हाय मला."

पुढं पुढं त्या सांगायच्या ते माझ्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं; परत गेले असते, तर घडलं असतं. चटका दिल्याचं. उपाशी कोंडल्याचं. मी ऐकायचे आणि पुकारा झाला की उठून आत जायचे.

दुसऱ्या वर्षी निकाल लागला. वीरेशला शिक्षा झाली. अप्पांनी लिंबाखालीच डोळे पुसले. छबुबाई मात्र लांबच उभ्या राहिल्या.

"काय झालं, मावशी?"

"परवा तुझा आवाज बंद झाला."

"बरं झालं."

"मग आत बाया रडाय लागल्या. मयताच्या घरी रडत्यात तशा."

"कुठल्या बाया?"

"आपल्याच गल्लीतल्या." त्यांनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. "माझाबी आवाज होता त्यात."