जोडपानातली खूण

शिरूरच्या एसटी डेपोसमोर, रसवंती आणि पंक्चरचं दुकान यांच्या मधोमध दाटीवाटीनं बसवलेला एक गाळा होता. त्यात नीलमचं वाचनालय. पाटीवर सरस्वतीचं नाव होतं, पण ते नाव विचारत कुणी आलेलं नव्हतं. गाव म्हणायचं, "त्या परत आलेल्या बाईचं दुकान." परत आलेली म्हणजे मांडवगणच्या सासरहून. त्याला १९९८ साली आठ वर्षं होऊन गेली होती, तरी शिरूरकरांच्या लेखी ती काल आली होती आणि उद्या नांदायला जाणार होती.

नीलमला गावाची ही नोंद माहीत होती. गावाच्या नोंदी तिच्याकडेही होत्या. बाजार समितीतला हमालांचा मुकादम, मिशीला पीळ देऊन यायचा आणि प्रेमकथा न्यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून. कन्याशाळेतल्या मास्तरीणबाई खुनाच्या कथा न्यायच्या आणि दर वेळी सांगायच्या, "मिस्टरांसाठी हो." मिस्टरांचा चष्मा दोन वर्षं सापडत नव्हता, हेही त्याच सांगायच्या.

अडचण एकच होती. या कादंबऱ्यांची नावं सारखी, वेष्टनावरच्या बायका सारख्या, त्यांचे पदरही एकाच वाऱ्यानं उडालेले. वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी जायचं. म्हणून जो तो आपापल्या ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवी. डेपोतला कंडक्टर अकराव्या पानाला तिकिटाचा पंच मारी. मास्तरीणबाई सतराव्यावर कुंकवाचा बारीक ठिपका देत. केंदूरच्या दगडाबाई साक्षरता वर्गात साठीला अक्षरं शिकल्या होत्या. त्या एकविसाव्या पानाच्या कोपऱ्याला सुईनं एक टाका घालत. नीलम कुणाला रागावत नसे. नवं पुस्तक कोण नेईल हे तिला खुणांवरूनच कळे.

त्यामुळे एक अनोळखी खूण लगेच तिच्या नजरेत भरली. एकेचाळिसावं पान, आकड्याच्या खाली, नखानं दाबून काढलेली कोर. ना शाई, ना पेन्सिल. उजेडाकडं तिरपं धरलं तरच दिसे. ही कुणाची, ते तिला सांगता येईना. असं कधी झालं नव्हतं.

दर गुरुवारी पुण्याहून विश्वजीत नव्या कादंबऱ्यांचे गठ्ठे घेऊन यायचा. एका प्रकाशकाचा माणूस. शर्ट इस्त्रीचा, बोलणंही इस्त्रीचं. त्याच्या कोऱ्या गठ्ठ्यातल्या पुस्तकातसुद्धा ती कोर निघाली, तेव्हा नीलमनं त्याला गाठलंच.

"विश्वजीत, दुसऱ्या वाचनालयातनं परत आलेला माल नवा म्हणून देता व्हय मला?"

"ताई, काहीतरीच काय! छापखान्यातून सरळ तुमच्याकडे येतात. पानंसुद्धा फाडलेली नसतात."

ते खरं होतं. स्वस्तातल्या त्या कादंबऱ्यांची पानं कडेला जोडलेली येत. वाचणाऱ्यानं ब्लेड घालून ती सोडवायची. विश्वजीतनं तिच्या देखत गठ्ठ्याची सुतळी कापली, मधलंच एक पुस्तक ओढलं, खिशातलं ब्लेड काढलं आणि चाळीस-एकेचाळीसचं जोडपान फाडलं.

नीलमनं पान हातात घेऊन दाराच्या उजेडात तिरपं केलं. मग त्याला दाखवलं.

विश्वजीत बराच वेळ बघत राहिला. "मशीनचा दाब असेल," तो म्हणाला. दुसरं पुस्तक फाडलं. तिसरं फाडलं. चौथ्याला त्याचा हात जाईना. "मशीनचाच असेल," पुन्हा म्हणाला आणि त्या दिवशी चहा न घेताच गेला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

नीलम घाबरणाऱ्यातली नव्हती. तिनं दुपारभर मांडणीवरची सगळी पुस्तकं उतरवली आणि एकेक बघितलं. खुनाच्या कथांत खूण कुठं होती, कुठं नव्हती. पण प्रेमकथा एकूण एक सगळ्या खुणेच्या. मग ती एकेकीचा शेवट बघत गेली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. त्या सगळ्या पुस्तकांतल्या बाईला काहीतरी हवं असायचं, आणि शेवटच्या प्रकरणात ती एक तर पदर डोक्यावर घेऊन उंबऱ्याशी परत यायची, नाहीतर मरायची. तिसरं काही नव्हतंच.

खुणेचा अर्थ तिच्या दुकानात एकच होता. हे वाचून झालंय, पुन्हा देऊ नका.

हे सगळं तिनं मनावर घेतलं नसतं, पण तिचा स्वतःचाच जीव त्या वेळी एका शेवटात अडकला होता. दोन वर्षं दुपारच्या रिकाम्या वेळात तीही एक कादंबरी लिहीत होती. तिच्या नायिकेचं नाव चंदा. चंदा नवऱ्याचं घर सोडून येते, एका माणसावर जीव लावते, तोही तिच्यावर लावतो. एवढं विश्वजीतच्या मालकांना फार आवडलं होतं. दिवाळीच्या खेपेत दोन हजार प्रती काढायची तयारी होती. फक्त शेवट बदलायचा.

"चंदानं नवऱ्याकडे जायला हवं, ताई," विश्वजीत पुढच्या गुरुवारी म्हणाला. तो आता बाकावर न बसता दारातच उभा होता. "वाचक बायकाच आहेत. त्यांना तेच आवडतं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"खपतंय ना."

"दुसरं कधी छापलंय का, ते खपलं नाही म्हणायला?"

तो हसला. "ताई, तुमचं पुस्तक यावं असं वाटतं म्हणून सांगतो. एक प्रकरण फक्त. बाकी सगळं तुमचं."

एक प्रकरण फक्त. पुस्तक तर यायला हवं होतं. स्वतःच्या मांडणीवर स्वतःचं नाव बघायचं होतं तिला. नीलमनं दोन दुपारी बसून चंदाला नवऱ्याच्या उंबऱ्याशी नेऊन पोचवलं. लिहिताना दात दुखत होता असं ती स्वतःला सांगत राहिली. वही काउंटरच्या कप्प्यात ठेवून, कुलूप लावून ती घरी गेली.

सकाळी वही उघडली. तिनंच आखून आकडे घातलेलं एकेचाळिसावं पान. आकड्याखाली कोर.

ती हलली नाही. बाहेर डेपोत नगरच्या गाडीची घोषणा चालली होती, रसवंतीच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. तिनं शेवटचं प्रकरण फाडलं. एकेचाळिसावं पान नव्यानं उतरवून काढलं आणि नवा शेवट लिहिला. परत नाही ना जायचं, मग चंदा घोडनदीत उडी घेईल. लिहिताना डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. छान लिहिलं असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी नव्या पानावर कोर होती. या वेळी इतकी दाबून, की कागद फाटला होता.

आता मात्र नीलमला राग आला. दुकानात कुणी नव्हतं. खूण करणारी तिथंच बसली असावी तसं समोरच्या रिकाम्या बाकाकडं बघून ती मोठ्यानं म्हणाली, "हे बघ, तू कोण मला सांगणारी? एक तो पुण्याचा सांगतोय, एक तू. माझी चंदा हाय ती. तुझ्यासाठी न्हाई लिहीत मी आन् त्याच्यासाठी बी न्हाई. आवडलं तर वाच, न्हाई तर जा!"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. पण दर ट्रकला उडणारा मांडणीवरचा पडदा या वेळी उडाला नाही.

तिसरा शेवट तिनं कुणाचाही विचार न करता लिहिला. चंदाचा नवरा तिला न्यायला येतो. चार माणसं घेऊन येतो. चंदा सगळ्यांना चहा पाजते, डेपोपर्यंत सोबत जाते आणि त्यांना परतीच्या गाडीत बसवून देते. खिडकीतून नवरा म्हणतो, "उद्या येशील ना?" ती म्हणते, "उद्या दुकान हाय." दुसऱ्या दिवशी ती दुकान उघडते. ज्याच्यावर जीव लावला तो येतो. तोही बाकावर बसतो, चहा पितो. बस, एवढंच. कुणी मरत नाही.

वही तीन दिवस कप्प्यात राहिली. पुन्हा उतरवून काढलेल्या एकेचाळिसाव्या पानावर खूण उठली नव्हती.

विश्वजीतनं ते उभ्या उभ्या वाचलं. "ताई, हा शेवटच नाही. हिला काही शिक्षा नाही, काही नाही. लोक विचारतील, पुढं काय झालं?"

"विचारू द्या."

"मालक छापणार नाहीत."

"मग मी छापते."

"आणि वाचणार कोण?"

नीलमची नजर रिकाम्या बाकावर गेली. विश्वजीतनंही तिकडं पाहिलं. मग त्यानं पिशवी उचलली. त्यानंतर गठ्ठे ट्रान्सपोर्टनं यायला लागले.

लग्नातल्या पाटल्या आठ वर्षं ट्रंकेत पडून होत्या, त्या मोडल्या. भाऊ म्हणाला, "अगं, उद्या दाजी न्यायला आले तर अंगावर काय घालशील?" नीलम म्हणाली, "मी चहा टाकीन."

दौंडला स्टेशनच्या मागं एक जुना छापखाना होता. गावोगावच्या लग्नपत्रिका आणि जत्रेच्या पावत्या छापणारा. तिथले हौसराव शिशाचे अक्षरांचे खिळे एकेक वेचून ओळ जुळवायचे. चाळीस वर्षं उलटी अक्षरं वाचून त्यांची मान डावीकडं कलती झाली होती. त्यांनी वही घेतली, पानं मोजली आणि म्हणाले, "बाई, दोन महिने लागतील. पत्रिकांचा सीझन हाय."

"लागू द्या, मामा. पण एक शब्द बदलायचा नाही."

"मला कुठं अर्थ कळतो? मी अक्षरं लावतो."

दोन महिन्यांनी शिरूर-दौंड गाडीनं ती प्रुफं बघायला गेली, तेव्हा हौसरावांनी मान वर न करताच प्रुफं पुढं केली. बोटांना त्यांनी चिंध्या गुंडाळल्या होत्या.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई." मग, खिळ्यांच्या खणांकडं बघत, "शेवटचं प्रकरण जुळवताना खिळे गरम लागायचे. उन्हानं न्हवं. मी सावलीला बसतो. कुणीतरी मुठीत धरून ठेवल्यागत गरम. खणातनं जो उचलावा त्यो आधीच गरम."

"मग थांबायचं होतं."

"थांबलो की दोन दिवस." हौसरावांनी चिंधी सारखी केली. "मग बाई, राहवेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अर्थ लागला. म्हटलं, बघू तरी ती जाती का न्हाई."

"गेली?"

"न्हाई गेली," हौसराव म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "बरं केलं."

पाचशे प्रतींचे दहा गठ्ठे दौंडहून टेंपोनं आले ते बाजारच्या दिवशी, सकाळी अकराला. शाईचा आणि खळीचा वास अजून ओला होता. दगडाबाई आधीच पायरीवर बसून होत्या. नीलमचं पुस्तक येणार ही बातमी केंदूरपर्यंत पोचली होती आणि केंदूरमध्ये त्यावर दोन तट पडले होते. दगडाबाई कोणत्या तटाच्या, हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं.

"आन हिकडं. पयली मला. जाती का गं ती माघारी?"

"वाचा की मावशी."

"सांग तर! जाणार असली तर मी नेत न्हाई. लई वाचल्यात तसल्या."

नीलमनं गठ्ठ्याची सुतळी कापली. वरचीच प्रत दिली. दगडाबाईंनी ती मांडीवर घेतली, चष्मा चढवला. पहिली पानं जोडलेली होती, करकरीत. त्या कंबरेची सुई काढून पानं सोडवायला लागल्या, मग सवयीनं पुस्तक शेवटाकडं उघडलं. आणि थांबल्या.

"नीलम, ही जुनी दिलीस मला."

"जुनी कशी असंल? आत्ता टेंपोतनं उतरली."

"मग बघ की."

शेवटच्या प्रकरणाची जोडपानं सुटलेली होती. ब्लेडनं नव्हे, बोटानं हळूहळू सोडवावीत तशी. कडा काळवंडलेल्या. कागद धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखा मऊ झाला होता, उलटताना आवाजही करत नव्हता.

नीलमनं दुसरी प्रत काढली.

तिसरी.

दुसरा गठ्ठा फोडला. मधली प्रत. तळातली प्रत.

सगळ्या तशाच. आधीची दीडशे पानं कोरी करकरीत आणि शेवटची अकरा वाचून वाचून झिजलेली.

दगडाबाईंनी त्या मऊ पानावर बोट ठेवून शेवटच्या ओळी वाचल्या. मग त्यांनी आपली प्रत पदराखाली घेतली. "म्हंजी न्हाई गेली माघारी," त्या हळूच म्हणाल्या. "मी नेते ही."

"न्या, मावशी."

पायरीवर मुकादम आला होता. त्याच्या मागं मास्तरीणबाई, आज मिस्टरांचं नाव न घेता. नीलमनं सगळ्यांना प्रती दिल्या. कुणी शेवट उघडून विचारलं तर ती म्हणाली, "वाचलंय कुणीतरी. तुम्ही पण वाचा." फोडलेल्या दोन गठ्ठ्यांतली एकही प्रत तिनं मागं ठेवली नाही. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा काउंटरवर एकच पुस्तक उरलं होतं, तिचं स्वतःचं.

ते तिनं शेवटून उघडलं. 'समाप्त' छापलेल्या पानानंतर हौसरावांनी रिवाजाप्रमाणं एक कोरं पान सोडलं होतं. तिनं ते उचलून उजेडाकडं धरलं. अकरा पानांपेक्षाही ते जास्त झिजलेलं होतं, पुढं काय झालं ते कुणी पुन्हा पुन्हा शोधावं तसं. खालचा कोपरा तर उलटून उलटून पार उडून गेला होता, आणि कागद इतका विरला होता, की त्यातून समोरचा बाक दिसत होता.