बुडालेल्या बोटीचं पॅकिंग

बोट धक्क्याला बांधल्या जागीच बुडाली आणि मालकाला पोटात घेऊन गेली.

सकाळी तो आला तेव्हा ती निम्मी पाण्यात होती. लोक ओरडत होते, उतरू नकोस. पण जिच्यावर घर चालतं ती बोट डोळ्यांदेखत जाताना कोण गप्प उभा राहील? पंप चालू करायला तो खाली केबिनमध्ये उतरला आणि बोट कुशीवर वळली. क्रेन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तपास सुरू व्हायच्या आधीच धक्क्याने निकाल देऊन टाकला. खापर फुटलं म्हाताऱ्या मिस्त्रीवर. त्याच आठवड्यात त्याने ह्या जुन्या बोटीचं पॅकिंग बदललं होतं. पाण्यातला पंखा फिरवणारा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथे भोक असतं. पाणी आत येऊ नये म्हणून तिथे शाफ्टभोवती चरबीत मुरवलेल्या दोरीची कडी बसवतात आणि एका मोठ्या नटाने ती दाबून ठेवतात. नट ढिला राहिला की पाणी आत. मिस्त्रीला मोतीबिंदू, हात थरथरतात, हे सगळ्या बंदराला ठाऊक. मग काय, जो तो शहाणा!

तपासाला आलेल्या निरीक्षक बाईंना बंदरात 'खडूस' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यांचं काही अडत नव्हतं.

मिस्त्री नुकताच डोळ्याचं ऑपरेशन करून परतला होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा जेमतेम कामाचा. तरी आवाज खणखणीत होता.

"नट मी आवळला, मागून लॉकनटही आवळला," तो म्हणाला. "मोठा नट जागचा हलू नये म्हणून तो दुसरा नट असतो, बाई. नट हलवला की लॉकनट आवळायचा, हे मी झोपेतसुद्धा करतो. विसरलो असेन तर हे हात तोडा."

मुलगा शेजारी त्याचा दंड धरून उभा होता. चाळिशी उलटलेला, त्याच वर्कशॉपमध्ये बापाच्या हाताखाली वाढलेला. तो हळूच म्हणाला की मॅडम, बाबांचं वय झालंय, मी किती वेळा सांगितलं आता सोडा, पण ऐकतील तर शपथ. बापाने दंड सोडवून घेतला.

मालकाच्या बायकोकडे जाणं बाईंच्याही जिवावर आलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, पण सांगितलं ते नेमकं. पॅकिंग बदलल्यावर दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दिवसभर बोट चालवली. संध्याकाळी ती स्वतः बोटीवर गेली होती. तळ कोरडा होता. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पडत होते, तेवढेच. मिस्त्रीने बजावलंच होतं की तेवढे पडायलाच हवेत, नाहीतर शाफ्ट तापतो. आणि त्याच रात्रीत बोट भरली.

वर काढलेल्या बोटीपाशी बाईंनी मिस्त्रीला नेलं. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून त्याने बोटांनीच चाचपलं. मोठा नट पार शेवटच्या आट्यांपर्यंत मागे आलेला. जमलेल्यांनी माना हलवल्या. म्हाताऱ्याची बोटं मागे सरकली, लॉकनटावर आली आणि थांबली. त्याने तो फिरवून पाहिला. हलला नाही. मागोमाग येऊन तो मोठ्या नटाला घट्ट भिडला होता.

म्हाताऱ्याचा चेहरा पडला.

"चूक माझीच," तो म्हणाला. "नट आवळायचा राहिला. लिहून घ्या."

बाईंनी काहीच लिहून घेतलं नाही. त्यांनी नट उघडायला सांगितले. धक्क्यावरचा एकही पाना त्या जुन्या मापाला बसेना. शेवटी मिस्त्रीच्या वर्कशॉपमधून दोन मोठे पाने आणावे लागले.

दुपारी बाई वर्कशॉपमध्ये आल्या. मालकाची बायको आणि एक शिपाई बरोबर होते. धक्क्यावर सगळ्यांना वाटत होतं, आता म्हाताऱ्याला कोठडीत नेणार.

"मिस्त्री, तुम्ही नट आवळायला विसरलात?"

"हो."

"मग लॉकनट कोणी आवळला?"

मिस्त्रीने डोळ्यावरची पट्टी चाचपली.

"काम विसरलेला माणूस लॉकनट आवळत नाही," बाई म्हणाल्या. "इंजिनच्या हादऱ्याने सुटला म्हणावं, तर आधी लॉकनट सुटायला हवा होता. आणि तुमचं कामच ढिलं असतं तर पाणी त्याच दिवशी आलं असतं. ह्या ताईंनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडा तळ पाहिलाय. म्हणजे त्यानंतर कोणीतरी नट मुद्दाम सोडला. परका असता तर दोन्ही नट सैल टाकून पळाला असता. ह्याने मात्र नट मागे घेतला आणि सवयीने लॉकनट आवळला. हाताला लहानपणापासून लागलेलं वळण, वाईट काम करतानाही सुटलं नाही."

त्या मुलाकडे वळल्या.

"त्या रात्री तुझे वडील कुठे होते?"

"इस्पितळात."

"त्या मापाचे पाने फक्त ह्या वर्कशॉपमध्ये आहेत. किल्ली कोणाकडे होती?"

मुलाने बापाकडे पाहिलं. बापाने मान फिरवली.

"बोट थोडी भरेल, एवढंच वाटलं होतं," मुलगा म्हणाला. "बाबांची चूक दिसली असती, ते घरी बसले असते. मी इतका घोडा झालो, तरी एक बोट माझ्या हाती दिली नाही त्यांनी. गिऱ्हाईक येऊन मलाच विचारतं, मिस्त्री कुठे आहेत? मालक आत उतरेल हे मला काय माहीत, मॅडम?"

बाईंनी शिपायाला खूण केली. मुलगा मुकाट्याने निघाला. दारातून त्याने "बाबा" अशी हाक मारली, पण म्हातारा बसल्या जागेवरून हलला नाही.

मालकाची बायको एवढा वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली.

"नट हाताला लागला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो."

"आणि तुम्ही ते पोटात घालणार होतात?"

"पोरगा आहे माझा," म्हातारा म्हणाला. "दुसरं कोण आहे मला?"

"मला कोण आहे?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट पाहत तिथेच उभी राहिली.