सहावी फेरी

रोज पहाटे बांधावर पाच फेऱ्या मौनात घालायच्या, हा माझा नेम. ओठ बंद, मनात नामस्मरण. पाचवी फेरी संपेपर्यंत आभाळ कोसळलं तरी बोलायचं नाही, आणि मध्येच थांबायचंही नाही. जुन्या तलावाच्या बांधावर तेव्हा माती आणि काटेरी झुडपांखेरीज काही नव्हतं, त्यामुळे मौन मोडावं असं कुणी भेटतही नसे.

अशाच एका धुकट सकाळी चौथ्या फेरीत आवाज आला, "ताई, जरा जपून. रेघ ओली आहे."

खाली पाहिलं, तर चुन्याची पांढरी रेघ, आणि तिच्या टोकाशी उकिडवा बसलेला एक उंच माणूस. कानावर पेन्सिल. मी रेघ ओलांडून पुढे गेले. तो काहीबाही विचारत राहिला, मी गप्प. पुढच्या फेरीत पाहते तर तो उभा राहून, फार मायेने, दोन्ही हातांनी मला खुणा करून समजावतोय... इथे वाट होणार, लोक चालणार, लोक बारीक होणार. बारीक दाखवायला त्याने गाल पार आत ओढून घेतले होते.

फेरी संपली. मी हात जोडले, डोळे मिटले, मग म्हणाले, "मला ऐकू येतं."

कान लाल होणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि त्या दिवसानंतर त्याने मला ताई म्हणणं सोडलं... ते कायमचं.

तो उद्यान खात्याचा इंजिनियर. मी दोन गल्ल्या पलीकडच्या सरकारी दवाखान्यात नर्स. आमच्याकडे दर तिसरा माणूस वाढत्या वजनाने बेजार होऊन यायचा, गोळ्या घेऊन जायचा, आणि पुढच्या महिन्यात आणखी जड होऊन यायचा. या माणसाने वर्षभर खेटे घालून वाटेसाठी, बाकांसाठी, झाडांसाठी सरकारी निधी मिळवला होता. औषधांना पैसा मागणारे मी खूप पाहिले. सावलीला पैसा मागणारा हा पहिलाच.

निधीला अट मात्र होती. चाळीस जणांची नावं नोंदवायची, आधी आणि तीन महिन्यांनी वजनं घ्यायची. वजन खरोखर उतरलं तर बांध लोकांचा, नाहीतर तिथे गाड्या उभ्या राहणार. पहिली वजनं मी दवाखान्यात घेतली. नंतर त्याच्याच डोक्यात आलं, की म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यापर्यंत कशाला चालवायचं; वजनाचा काटा बांधावरच आणू. व्यायामाच्या साधनांखाली छान मऊ रबराची जमीन केली होती. तिथे काटा ठेवला.

आणि तो रोज माझ्याबरोबर चालू लागला, अर्धं पाऊल मागे. बोलायचं काम सगळं त्याच्याकडे. त्याने एक सोय काढली होती. "मी विचारतो. हो असेल तर चालत राहा, नाही असेल तर थांबा."

"आज मी बरा दिसतोय ना?" मी चालत राही.

"काल रविवार होता, माझी आठवण आली?" मी चालतच.

मी फेरीत थांबत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लबाड... पाचवी संपली की तो हळूच म्हणे, "कधीतरी सहावी फेरी मारा ना, बोलत." मी म्हणे, दवाखाना उघडायचाय. घरी वहिनी म्हणाली, तुझं मौन हल्ली गालांवर बोलायला लागलंय. मी देवापुढची वात उगाच सारखी करत बसले.

तीन महिने संपले. बांधावरच्या काट्यावर आकडे असे आले, की आम्हीच चकित. सरासरी साडेतीन किलो उतरले होते. तो दिवसभर शीळ घालत होता.

निधी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. भारदस्त माणूस, सुटलेलं पोट, पण डोळे हसरे. माझी चौथी फेरी संपत आली होती. चाळीसही जण नटूनथटून उभे. अध्यक्ष गमतीने काट्यावर चढले आणि म्हणाले, "अरेच्चा. काल घरी एक्क्याण्णव होतो, इथे सत्त्याऐंशी? तुमच्या बांधावर नुसतं आलं तरी उतरतं वाटतं."

सगळे हसले. माझं नामस्मरण तुटलं. मी काट्याकडे पाहिलं. त्याचे चार छोटे पाय रबरात पूर्ण रुतले होते, पोट जमिनीला टेकलं होतं. चारेक किलोंचा भार रबरच उचलत होतं म्हणा ना.

"काय इंजिनियरसाहेब," अध्यक्षांनी विचारलं, "आकडे बरोबर आहेत ना? करू सही?"

आणि मी थांबले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या नजरेच्या वाटेने काट्याकडे. त्याचा चेहरा हळूहळू उतरला... वर्षभराचे खेटे, ओळीने लावलेली रोपं, सगळं त्या एका क्षणात त्याच्या डोळ्यांतून गेलेलं मी पाहिलं. तो हसून वेळ मारून नेऊ शकला असता. मी तर बोलणारच नव्हते.

त्याने काटा उचलला आणि शेजारच्या दगडी पायरीवर ठेवला. "साहेब, आकडे चुकलेत. चूक माझी. जरा परत उभे राहता?"

एक्क्याण्णव.

चाळीस जणांना पुन्हा पायरीवर उभं केलं. मी मुकाट्याने लिहीत गेले. साडेतीनचे सव्वा किलो झाले. अध्यक्षांचं हसू मावळलं.

तेवढ्यात रांगेतले शिंपीकाका खाकरले. "साहेब, काटा चुकला असेल, माझी टेप नाही चुकली. तीन महिन्यांत या मंडळींच्या सव्वीस पँटी मी कमरेत आवळल्यात. सैल करायला एक आलेली नाही. म्हणाल तर माझ्या धंद्याला बरकत म्हणून तरी चालू ठेवा."

अध्यक्ष आधी गालात हसले, मग पोट हलेपर्यंत. म्हणाले, साडेतीन मला पटतच नव्हते, सव्वा पटतात. सही पायरीवर बसूनच केली, आणखी दोन वर्षांची. काटा इथून हलवायचा नाही, एवढं बजावून ते स्वतःच फेरी मारायला निघाले, काकांना सोबत घेऊन.

माझी पाचवी राहिली होती. मी निघाले. आज तो अर्धं पाऊल मागे नव्हता, बरोबरीने होता.

"तुम्ही थांबलात," अर्ध्या वाटेवर तो म्हणाला. "तीन महिन्यांत पहिल्यांदा." मग आवाज खाली गेला. "म्हणजे बाकी सगळ्याला खरंच हो होतं...?"

मी चालत राहिले.

"आणि जन्मभर अशी सोबत कराल का, असं विचारलं तर..."

पाचवी फेरी संपली. रोज जिथे थांबून मी हात जोडते, ती जागा आली. मी चालता चालताच हात जोडले, आणि थांबले नाही.

तोच थबकला. मी वळून म्हणाले, "चला ना. सहावीत मला खूप बोलायचंय."