एकाच बाटलीच्या दोन सुया

"सकाळ-संध्याकाळ एकाच हातानं सुई जाऊ द्या," असं नर्सने बजावलं होतं. रत्नमालाने ते हसण्यावारी नेलं. जवाहरनगरच्या फॅक्टरीत दुपारपाळी करणारी आई दोन्ही वेळी घरी कशी असणार?

आता तिचा सहा वर्षांचा मधुमेही अश्वजित दुसऱ्यांदा दवाखान्यातून परतला होता. संध्याकाळी साखर ठीक, सकाळी मात्र चढलेली. पुन्हा असं झालं तर लेकरू हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

रत्नमालाने बोलावलेली खासगी तपासनीस प्रतिक्षा फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये शिरली. मागून तिचा मदतनीस इश्वर, हेल्मेट काखेत.

"संशय कुणावर?"

"दिरावर. इन्सुलिनची बाटली अंकुशच आणते भंडाऱ्याहून. एवढ्या उन्हात."

अंकुश दारातच फणफणला. "बर्फाच्या डब्यात आणतो न, वहिनी. मी काय पोराच्या जिवावर उठलो का?"

"सुई कोण देतं?" प्रतिक्षाने विचारलं.

"सकाळी मी. संध्याकाळी सासूबाई, बुद्धवंदना झाली की," रत्नमाला म्हणाली. "बाटली तीच."

सासू विमलाबाई शांत होत्या. "एक दिवस चुकली नाही, बाई. पाहा, औषध बराबर कमी होऊन राहिलं."

"बाटलीवर काय लिहिलंय, ठाऊक आहे?"

"अंकुशनं वाचून दाखवलं. ह्यूमन. म्हणजे माणसाचं."

प्रतिक्षा पलंगावर अश्वजितजवळ बसली. "कोणाची सुई जास्त दुखते रे?"

"आईची. आजीची तर दुखतच नाही. मी डोळे मिटतो न, झालं बी."

तिने उशी हुंगली आणि इश्वरकडे फेकली.

"दवाखान्यासारखा वास येते," इश्वर म्हणाला. "येणारच. पोरगं तिथूनच आलं."

"उशी गेली होती का दवाखान्यात?"

इश्वरने उशी पुन्हा हुंगली. प्रतिक्षाचे डोळे चमकत होते.

"उन्हानं औषध बिघडलं असतं, तर सकाळची सुईही वाया गेली असती. पण दिवसभर साखर ताब्यात असते. म्हणजे औषध चांगलं, अंकुश निर्दोष. संध्याकाळची सुई भरली जाते, म्हणून बाटली कमी होते. पण अंगात जात नाही, म्हणून दुखत नाही. ती उशीत जाते, म्हणून हा इन्सुलिनचा वास. हो ना, मावशी?"

विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "रोज पहिलं शील म्हणतो, जीव घेणार नाही. अन् लगेच माणूस मारून काढलेलं नातवाच्या अंगात घालू? सकाळची रत्ना देते, तेवढ्यानं भागंल वाटलं."

"पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. तुमची शंका खोटी नाही, मावशी, जुनी आहे." प्रतिक्षाने हातातली बांगडी काढली. "बॅक्टेरियात डीएनएचं असं छोटं कडं असतं. ते एका विकरानं, म्हणजे एन्झाइमनं, कात्रीसारखं कापायचं. मध्ये माणसाच्या इन्सुलिनचं जनुक बसवायचं. जनुक म्हणजे फक्त कृती, ती प्रयोगशाळेत तयार होते. दुसऱ्या विकरानं सांधायचं आणि कडं पुन्हा बॅक्टेरियात सोडायचं. मग ते बॅक्टेरिया दह्याच्या विरजणासारखे वाढतात आणि इन्सुलिन बनवत राहतात."

"म्हणजे कोणाले मारून नाही काढत?"

"ना माणूस, ना गाय. कृती माणसाची, म्हणून नाव ह्यूमन."

"मग मले हे कोणी काहून नाही सांगितलं?"

रत्नमालाने दिरासमोर मान खाली घातली. अंकुश म्हणाला, "राहू द्या, वहिनी. चहा मांडा."

त्या संध्याकाळी रत्नमालाने पाळी बदलून घेतली. विमलाबाईंनी तिच्यासमोर सुई दिली, आणि दुसऱ्या सकाळी साखर उतरलेली होती.

रत्नमालाचं वाचकांकडे एक मागणं आहे. तुमच्या शेजारी असं सुई घेणारं लेकरू असेल, तर आजच डोकावून या. जे कोणी सुई देतं, त्याच्याजवळ घडीभर बसा आणि या औषधाबद्दल त्याच्या मनात काय आहे ते विचारा. रागावू नका. नुसतं विचारा.